सेऊलच्या सिटी बसमध्ये : कार्ड, नंबर आणि उतरण्याची तयारी

सेऊलला नव्याने आलेल्या माणसाला इथले जुने लोक एकच सल्ला देतात : "मेट्रोने फिर, बसच्या भानगडीत पडू नकोस." चार वर्षांपूर्वी मलाही तोच मिळाला होता. सल्ला चुकीचा नाही. मेट्रोत सगळीकडे इंग्रजी पाट्या असतात, प्रत्येक स्टेशनाला नंबर असतो, चुकलं तरी पुढच्या स्टेशनावर उतरून परत फिरता येतं. पण मी राहते ती शहराच्या उत्तरेकडची जंगनुंगची वस्ती टेकडीच्या अंगावर आहे. पहिल्याच आठवड्यात पाच किलो तांदूळ आणि कांदे घेऊन तो चढ चढले आणि ठरवलं, बस शिकायचीच.

शिकताना जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. आपल्याकडे सगळी धडपड बसमध्ये चढण्याची असते. इथे चढणं सोपं आहे. शिकावं लागतं ते उतरणं. पुढच्या बऱ्याच सूचना त्याच दिशेने जातील.

आधी कार्ड

विमानतळावर किंवा रस्त्यावरच्या कुठल्याही सीयू, जीएस२५ किंवा सेव्हन-इलेव्हन दुकानात टी-मनी कार्ड, म्हणजे बस-मेट्रोचं भाडं भरायचं कार्ड, मिळतं. साधं कार्ड तीन-चार हजार वॉनला येतं आणि त्यात पैसे वेगळे भरावे लागतात. दुकानात कार्ड आणि नोट पुढे करून "छुंगजन हॅ जुसेयो" म्हणा, म्हणजे "रिचार्ज करून द्या". रिचार्जला रोख लागते, म्हणून पाकिटात दहा हजारांची एक नोट कायम ठेवा. सेऊलच्या पुष्कळ बसगाड्यांत आता रोख पैसे घेण्याची पेटीच नाही आणि भारतातलं डेबिट-क्रेडिट कार्ड बसच्या यंत्रावर चालत नाही. त्यामुळे हे कार्ड नसेल तर दारातूनच परत फिरावं लागतं. हेच कार्ड बुसान, देगू, देजॉन आणि जेजू बेटावरही चालतं.

महिनाभर किंवा आठवडाभर राहणार असाल तर 'खिहू दोंगहॅंग' म्हणजे हवामान कार्ड बघा. सेऊल महापालिकेने ते २०२४च्या जानेवारीत आणलं. ३० दिवसांना ६२,००० वॉन आणि शहराच्या भाड्याच्या सायकलीही हव्या असतील तर ६५,०००. पाहुण्यांसाठी त्याच वर्षी छोट्या मुदतीचे पासही आले : १ दिवसाला ५,०००, ३ दिवसांना १०,०००, ७ दिवसांना २०,०००. शहरातल्या बस आणि मेट्रो यांत तो कितीही वेळा वापरा, उपनगरांत जाणाऱ्या लाल बसमध्ये मात्र चालत नाही. माझे आई-बाबा आले तेव्हा मी दोघांना सात दिवसांचे पास काढून दिले. चुकीच्या बसमध्ये चढलं तरी पैसे वाया जात नाहीत म्हटल्यावर बाबा एकटे फिरायला धजावले.

एका माणसाला एक कार्ड, हा नियम घरातच पाळा. दोघांचं भाडं एका कार्डातून देता येतं, पण त्यासाठी कार्ड लावण्याआधी ड्रायव्हरला "दू म्यंगियो", म्हणजे "दोघं आहोत", असं सांगावं लागतं. मागे रांग असताना हे जमत नाही.

रंग आणि नंबर : हाच नकाशा

२००४ सालच्या १ जुलैला सेऊलने आपली सगळी बसव्यवस्था एका दिवसात बदलली. रंग बदलले, नंबर बदलले, भाडं अंतरावर आलं आणि टी-मनी कार्डही तेव्हाच सुरू झालं. नवख्या माणसाला आज जे सोपं वाटतं ते सगळं त्या दिवसाचं देणं आहे.

निळी बस शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, मोठ्या रस्त्यांनी जाते. हिरवी बस वस्त्यांमधून फिरून लोकांना मेट्रो स्टेशनाशी किंवा निळ्या बसच्या थांब्याशी आणून सोडते. लाल बस शेजारच्या उपनगरी शहरांत जाते. याशिवाय छोटी हिरवी गाडी असते, तिच्यावर विभागाचं नाव आणि दोन आकडे लिहिलेले असतात. ती 'माउल बस'. माउल म्हणजे गाव, वस्ती. मला ते नाव ऐकलं की माऊली आठवते, आणि टेकडीवरच्या अरुंद गल्ल्यांतून म्हाताऱ्या बायकांना दारापर्यंत नेऊन सोडणाऱ्या त्या गाडीला ते शोभतंही.

आता नंबर. सेऊलचे आठ भाग केलेत, ० ते ७. मधोमध ०, म्हणजे जोंगनो, जुंग आणि योंगसान. उत्तरेला १, आणि तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत जायचं : ईशान्येला २, पूर्वेला ३, आग्नेयेला गंगनमच्या बाजूला ४, दक्षिणेला ५, नैर्ऋत्येला ६, वायव्येला ७. निळ्या बसचा पहिला आकडा ती कुठून सुटते ते सांगतो, दुसरा कुठे संपते ते आणि तिसरा फक्त अनुक्रम. माझ्या घराजवळून सुटणारी १४३ हे त्याचं नेटकं उदाहरण आहे : १ मधल्या जंगनुंगहून निघते, ४ मधल्या गॅपोदोंगला जाते, तिसरी गाडी. २७३ ही २ कडून ७ कडे, ४७२ ही ४ कडून ७ कडे. हिरव्या बसला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन तसेच वाचायचे. ७०१६ म्हणजे ७ कडून ०, मध्यवर्ती शहराकडे. सेऊलच्या लाल बसचा नंबर ९ ने सुरू होतो.

हे एकदा डोक्यात बसलं की अनोळखी थांब्यावरही आपण अगदीच आंधळे नसतो. फोनची बॅटरी संपली असताना रात्री मी एका थांब्यावर उभी होते. समोर आलेल्या गाडीच्या नंबरात १ दिसला आणि ती निदान माझ्या दिशेला जाते एवढं कळलं. चढताना "जंगनुंग गायो?" विचारलं. ड्रायव्हरने मान डोलावली. ठिकाणाचं नाव आणि पुढे 'गायो', म्हणजे "जाते का?". हे एवढं कोरियन आलं तरी बसचं निम्मं काम होतं.

थांब्यावर

रस्ता शोधायला फोनमध्ये नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप टाका. दोन्ही इंग्रजीत चालतात आणि बस आत्ता कुठे आहे ते दाखवतात. प्रत्येक थांब्याला पाच आकडी क्रमांक असतो, तो पाटीवर लिहिलेला असतो. तो महत्त्वाचा, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या थांब्यांचं नाव बहुतेकदा एकच असतं. नाव जुळलं म्हणून उभे राहाल तर गाडी नेमकी उलट दिशेला नेईल. पाटीवर 'बांगम्यन' या शब्दाआधी जे नाव येतं, त्या दिशेला हा थांबा आहे असं समजायचं.

थांब्यावरच्या फलकावर कुठली गाडी किती मिनिटांत येणार ते सतत बदलत असतं. 'योयू' म्हणजे गाडीत जागा आहे, 'पोथोंग' म्हणजे बेताची, 'होन्जाप' म्हणजे खच्चून भरलेली. 'माकछा' दिसलं तर ती शेवटची गाडी, ती सोडू नका. पुष्कळ थांब्यांवरचं बाकडं थंडीत गरम केलेलं असतं. जानेवारीत पारा शून्याखाली दहावर असताना त्या बाकावर टेकलं की गाडी दोन मिनिटं उशिरा आली तरी चालेल असं वाटतं.

मोठ्या रस्त्यांवर बसची मार्गिका रस्त्याच्या मधोमध असते आणि थांबेही तिथेच. पुण्यात बीआरटी पाहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल. पण इथे एक गोष्ट मला फार महागात पडली. गर्दीच्या वेळी चार-पाच गाड्या एकामागोमाग येतात. आपली गाडी तिसरी असेल तर ती तिथेच, मागे, दार उघडते. लोक चालत जाऊन चढतात, दार बंद होतं, आणि मग ती पुढे येऊन पुन्हा थांबत नाही. मी थांब्याच्या पुढच्या टोकाला उभी राहून "येईलच आता" म्हणत होते आणि माझी गाडी माझ्यासमोरून निघून गेली. दोनदा. त्यामुळे फलकावर नंबर 'लवकरच येत आहे'मध्ये दिसला की मान मागे वळवा, गाडी दिसली की तिच्याकडे चालू लागा, आणि ड्रायव्हरला दिसेल असा हात करा. थांब्यावर कुणी हात केला नाही आणि आत कुणी घंटी दाबली नाही, तर गाडी न थांबता निघून जाते.

चढताना

पुढच्या दाराने चढायचं, मागच्या दाराने उतरायचं. मुंबईत जुन्या बेस्टमध्ये मागून चढून पुढून उतरायची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चढताच ड्रायव्हरशेजारच्या यंत्राला कार्ड लावा आणि यंत्र काय बोलतं ते ऐका. मला आधी तो नुसता गोंगाट वाटायचा, पण यंत्र मोजकीच वाक्यं बोलतं.

नुसता आवाज आला किंवा "काम्साहाम्निदा" म्हणालं, तर पैसे गेले, आत जा. "ह्वानसुंग-इम्निदा" म्हणालं तर तुम्ही गाडी बदलून आलात हे त्याने ओळखलं, म्हणजे सवलत मिळाली. हे ऐकायला मला अजून आवडतं. "जानॅगी बूजोखाम्निदा" म्हणजे शिल्लक कमी आहे. "दाशी दॅ जुसेयो" म्हणजे नीट लागलं नाही, पुन्हा लावा. "हान जांगमान दॅ जुसेयो" म्हणजे एकच कार्ड लावा. पाकिटात दोन-तीन कार्डं एकत्र असली की हे हमखास ऐकू येतं. तेव्हा पाकिटातून टी-मनी वेगळं काढून ठेवा.

कार्ड लावलं की लगेच काहीतरी धरा. गाडी तुमच्यासाठी थांबून राहत नाही. पहिल्या दिवशी मी आभार मानायला वळले आणि थेट तिसऱ्या सीटपर्यंत गेले.

इथे कंडक्टर नाही. पूर्वी होत्या. 'आन्नॅयांग' म्हणत त्यांना, खेड्यांतून शहरात आलेल्या तरुण मुली. भाडं घ्यायच्या, माणसं आत ढकलायच्या आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारून "ओराइ!" ओरडायच्या. ते इंग्रजी 'ऑल राइट'. एसटीच्या डबल बेलवर वाढलेल्या मला हे वाचून त्या मुली एकदम जवळच्या वाटल्या. १९८०च्या दशकाच्या शेवटापर्यंत त्या गाड्यांवरून नाहीशा झाल्या. त्यांचं काम आता आपल्यावरच आहे : भाडं आपण द्यायचं, घंटी आपण वाजवायची.

आत बसल्यावर

पुढच्या भागातल्या पिवळ्या खोळीच्या सीट म्हाताऱ्यांसाठी, गुलाबी गरोदर बायकांसाठी. रिकाम्या असल्या तरी सवय होईपर्यंत मागेच जा. फोनवर मोठ्याने बोलू नका. आईचा फोन आला की मी हळूच "बसमध्ये आहे, उतरून करते" एवढंच सांगते. झाकण नसलेली कॉफी किंवा उघडं खाणं हातात असेल तर ड्रायव्हर चढू देणार नाही. २०१८पासून तसा नियम आहे आणि तो पाळला जातो. मोठ्या सूटकेसलाही नकार मिळू शकतो, म्हणून विमानतळावरून येताना विमानतळाची वेगळी बस घ्या. तिच्या पोटात सामान ठेवता येतं.

एका संध्याकाळी १४३ मध्ये मी खांद्यावर लॅपटॉपची जड बॅग घेऊन उभी होते. समोर बसलेल्या आजींनी काही न बोलता बॅगेचा पट्टा धरून ओढला. मी दचकले, घट्ट धरून ठेवली. त्यांनी स्वतःच्या मांडीवर दोनदा थोपटलं आणि पुन्हा ओढली. मग कळलं. बॅग त्यांच्या मांडीवर गेली. त्यावर त्यांनी दोन्ही हात ठेवले, बोटांत कांद्याच्या पातीचा वास असलेली पिशवी होती, ती बॅगेवर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. मुंबईच्या लोकलमध्ये हे रोज घडतं, पण परक्या देशात घडलं तेव्हा माझे डोळे भरून आले. म्हणून सांगते, कुणी तुमची बॅग ओढली तर घाबरू नका. सोडा.

उतरताना : इथे लक्ष द्या

गाडीत घोषणा होते ती अशी : "इबन जंगन्यूजांगउन अमुक इम्निदा. दाउम जंगन्यूजांगउन तमुक इम्निदा." 'इबन' म्हणजे आताचा, 'दाउम' म्हणजे त्याच्या पुढचा. नवख्याच्या कानाला दोन नावं ऐकू येतात आणि आपलं नाव त्यात असलं की हात घंटीकडे जातो. ते नाव 'दाउम'नंतर आलं असेल तर तुम्ही एक थांबा आधी उतरणार. मी तशी उतरले आहे, भर पावसात. इंग्रजी घोषणा फक्त मोठ्या थांब्यांची होते, तिच्यावर विसंबू नका. 'इबन'नंतर आपलं नाव आलं की घंटी दाबा. बटण पेटलेलं असेल तर आधीच कुणीतरी दाबलं आहे, पुन्हा दाबायची गरज नाही.

मग मागच्या दाराजवळच्या यंत्राला कार्ड लावा. ते "हाचा-इम्निदा" म्हणेल, म्हणजे उतरल्याची नोंद झाली. गर्दी असेल तर आधीचा थांबा सुटल्यावर लावून ठेवलं तरी चालतं. बरेच कोरियन लोक तेच करतात.

उतरताना कार्ड का लावायचं, हे पैशांत सांगते. २०२३च्या ऑगस्टपासून निळ्या आणि हिरव्या बसचं भाडं कार्डाने १,५०० वॉन आहे, माउल बसचं १,२००, लाल बसचं ३,०००. उतरताना कार्ड लावून ३० मिनिटांत दुसरी बस किंवा मेट्रो पकडली तर भाडं पुन्हा पहिल्यापासून लागत नाही. रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात ही मुदत एक तासाची असते. सगळा प्रवास एकच धरला जातो : पहिले १० किलोमीटर मूळ भाड्यात, पुढे दर ५ किलोमीटरला १०० वॉन. मेट्रोचं मूळ भाडं जास्त असल्याने तिच्यात गेलात तर तेवढा फरक कापला जातो. असं चार वेळा बदलता येतं. मात्र त्याच नंबरच्या बसमध्ये पुन्हा चढलात तर सवलत नाही. आणि उतरताना कार्ड लावायला विसरलात तर यंत्राच्या दृष्टीने तुम्ही अजून आधीच्या गाडीतच बसलेले आहात, सवलत गेली.

पहिल्या महिन्यात मी घरापासून माउल बस, मग मेट्रो, मग हिरवी बस असा प्रवास करत होते आणि उतरताना कार्ड लावतच नव्हते. महिनाअखेरीस हिशेब केला तेव्हा निम्मे पैसे नाहक गेलेले दिसले. सेऊलला वेढणाऱ्या ग्यंग्गी प्रांताच्या बसमध्ये तर एकट्या प्रवासाचं भाडंही अंतरावर ठरतं, तिथे विसरलात तर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. हवामान कार्डवाल्यांनी आणखी जपावं : दोनदा विसरलं की कार्ड २४ तास बंद पडतं.

दार उघडलं नाही किंवा तुम्ही पोचायच्या आत बंद होऊ लागलं, तर संकोच न करता मोठ्याने "द्विन्मुनियो!" म्हणा, म्हणजे "मागचं दार!". वाटेत माणसं उभी असतील तर "नॅरिल्केयो", म्हणजे "उतरते आहे". हे म्हटलं की लोक लगेच बाजूला होतात. मी सहा महिने हे शब्द लाजून तोंडातल्या तोंडात म्हणत होते आणि सहा महिने पुढच्या थांब्यावर उतरत होते.

लाल बस आणि रात्रीची बस

लाल बस जलदगती मार्गाने जाते, म्हणून तिच्यात उभं राहून जाता येत नाही. किती सीट शिल्लक आहेत ते थांब्याच्या फलकावर दिसतं. शून्य असेल तर हात करून उपयोग नाही. पट्टा लावा.

मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. त्यानंतर इंग्रजी एन अक्षराने सुरू होणारी बस असते, तिला इथे 'ओल्बॅमी' म्हणजे घुबड बस म्हणतात. भाडं २,५०० वॉन. २०१३ साली ती सुरू करताना मध्यरात्रीनंतर शहरात कुठून किती फोन होतात याच्या नोंदी तपासल्या आणि त्यावरून मार्ग आखले. तिचेही आकडे त्याच भागांचे : एन१६ म्हणजे १ आणि ६ या भागांना जोडणारी. गाड्यांमधलं अंतर मोठं असतं, ॲपमध्ये वेळ बघूनच निघा. रात्री दोनला तिच्यात बसलेले बहुतेक लोक कामावरून परतणारे असतात, डोळे मिटलेले. पण 'इबन जंगन्यूजांगउन' झालं की बरोबर आपापल्या थांब्याला जागे होतात.

काही राहिलं तर

गाडीत वस्तू विसरली तर गाडीचा नंबर आणि उतरल्याची वेळ लागते. टी-मनीने प्रवास केला असेल तर वेळ कार्डाच्या नोंदीत सापडते. सेऊल शहराचा मदत क्रमांक १२०, पर्यटकांसाठी १३३०. दोन्हीकडे इंग्रजीत बोलता येतं. माझी छत्री अशीच परत मिळाली, तीन दिवसांनी, डेपोच्या खोलीत, दोऱ्याने नीट बांधून त्यावर बसचा नंबर आणि तारीख लिहिलेली.

सरावासाठी पहिली बस कोणती घ्यावी, असं मला नेहमी विचारतात. सेऊल स्टेशनजवळून जोंगनो ११ ही माउल बस घ्या. ती राजवाड्याच्या कडेने सामचंगदोंगच्या जुन्या वस्तीत जाते. गाडी छोटी, अंतर थोडं, ड्रायव्हर परक्या माणसांना सरावलेले. सकाळी अकराच्या सुमारास निघा, तेव्हा जागा मिळते. डाव्या-उजव्या खिडकीचा विचार करू नका, मागच्या दाराजवळची सीट धरा आणि कार्ड हातात ठेवा.